बिनपहाऱ्याचं

बेकरीतून बाहेर आले, पावाची पिशवी बाबागाडीच्या जाळीत टाकली, ब्रेक सोडला आणि निघण्यापूर्वी सवयीनं पावसाचं आच्छादन जरासं उचलून आत डोकावले, तर आत दुसरंच मूल झोपलेलं. मुलगा होता. निळ्या लोकरीच्या टोपीत गच्च बसलेले गाल, उघडं तोंड, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक बुडबुडा. तो श्वासाबरोबर लहानमोठा होत होता. माझी आग्नेते अशी कधी झोपली नाही. ती झोपेतही कपाळाला आठी घालून असते, आपल्याला इथे आणण्यापूर्वी कुणी विचारलं का नाही, अशी. या मुलाची कशाबद्दलच तक्रार नव्हती. मी वाकून त्याची टोपी कानावर नीट ओढली आणि हसले. पुढे जे काही झालं ते या हसण्यामुळे झालं, म्हणून ते आधीच सांगून टाकते. किती वेळ हसले ते मला विचारू नका. ज्यांनी विचारायचं त्यांनी भरपूर विचारून घेतलंय. एक श्वास आत गेला, बाहेर आला, तेवढा वेळ मला फक्त इतकंच कळत होतं की हे मूल मला आवडलं. बघितल्या बघितल्या आवडलं, काही प्रयत्न करावा लागला नाही. मग दुसरा श्वास घेतला. माझी कुठाय? ओरडले ती त्यानंतर. ओरडता ओरडता मान वर केली, तर बेकरीच्या काचेपलीकडे, खिडकीजवळच्या उंच स्टुलावर आमच्या आयांच्या गटातली विबेके बसली होती. कॉफीचा कप ओठांपर्यंत नेऊन ती तिथेच थांबली होती. काचेवर वाफ नव्हती. तिला सगळं स्वच्छ दिसलं असणार.

तसं बघायला गेलं तर घडलं ते अगदीच किरकोळ. नोव्हेंबरातला आमचा तो पाऊस. पडतोय म्हणावं तर दिसत नाही, नाही म्हणावं तर अंग ओलं. बेकरीबाहेर भिंतीला लागून बाबागाड्यांची रांग, सगळ्या गडद निळ्या, सगळ्या कुणाच्या तरी बहिणीकडून नाहीतर जुन्या बाजारातून आलेल्या, आणि प्रत्येकीत एकेक मूल पांघरुणात गुरफटून गार हवेत झोपलेलं. मुलं बाहेरच झोपायची आणि आयांनी आत कॉफी प्यायची, हे कोपनहेगनमध्ये कुणी कुणाला शिकवत नाही. आमच्या आया बाहेर झोपल्या, आम्ही बाहेर झोपलो. कोण नेणार आहे? पाऊस लागला तशी काउंटरवरची मुलगी आपण होऊन बाहेर गेली, तिनं सगळ्या गाड्या छपराखाली ओढल्या, सगळ्यांवर आच्छादनं टाकली आणि आत येऊन पुन्हा पाव विकायला लागली. तिच्या या चांगुलपणात गाड्यांची जागा बदलली. लाल टोपीवाल्या एका बाईनं आपली गाडी कोपऱ्यात होती म्हणून कोपऱ्यातली गाडी घेतली आणि ती घरी चालू लागली. इमारतीच्या मागच्या अंगणात पोचल्यावर आतून रडणं सुरू झालं, ते तिच्या मुलाचं नव्हतं. ती जी गाडी घेऊन पळत सुटली ती थेट बेकरीपर्यंत. माझी मुलगी तोवर आख्ख्या रस्त्याला ऐकू येत होती.

"काय गं बाई आवाज आहे हिचा!" लाल टोपीवाली रडतही होती आणि हसतही होती. "मला वाटलं, माझ्या पोरात काहीतरी शिरलं!"

सगळे हसले. काउंटरवरची मुलगी हुंदके द्यायला लागली, तर मालकानं तिच्यासकट सगळ्यांना दालचिनीचे रोल फुकट वाटले. आमच्याकडे या गोष्टी होतात. पुढे वाढदिवसाला सांगायला बऱ्या पडतात. मीही हसले. या हसण्याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. फक्त विबेके बाहेर येऊन माझ्या कोपरापाशी उभी राहिली.

"तू ठीक आहेस ना, मेरेते?"

"आता आहे."

"तसं नाही. खरंच?"

दूध उतू जाईल का म्हणून पातेल्याकडे बघावं, तशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

विबेके माझी मैत्रीण नव्हे. आम्हाला एकत्र आणलं एल्सेनं. एल्से आमच्या भागातली आरोग्यसेविका. बाळंतपणानंतर घरी येते, मूल तोलते, आईच्या डोळ्यांखाली बघते, आणि आसपासच्या चारपाच नव्या आयांचा एक गट लावून देते. दर आठवड्याला एकीच्या घरी जमायचं. मेणबत्ती लावलेली असते, गरम बन, लोणी, चीज असतं, सतरंजीवर मुलं उताणी पडलेली असतात, आणि मग एक फेरी होते. प्रत्येकीनं आपल्या पाळीला सांगायचं की ती खरोखर कशी आहे. पहिल्या दिवशी एल्सेनं बजावलं होतं, "इथे गोड बोलायचं नाही हं. आतलं बोलायचं. बाहेरच्यांसाठी गोड बोलायला आख्खा जन्म पडलाय." मला हे आवडलं. मी मूर्ख, मला ते खरंच वाटलं. फेरी म्हणजे प्रत्यक्षात काय, तर थकवा आलाय पण किती गोड आहे, झोप नाही पण काय सांगू सुख. आधी एक चमचा कडू आणि त्यावर वाटीभर मध. गिट्टे तेवढी वेगळी होती. ती शहर बस चालवते, तिचं हसणं खालच्या मजल्यावर ऐकू जातं. "मी तर रोज सकाळी ठरवते, आज कार्ट्याला खिडकीतून फेकायचंच," ती म्हणायची, "पण आमची खिडकी रंग लागून घट्ट बसलीय." सगळ्या पोट धरधरून हसायच्या. विबेकेही हसायची. ती बालवाडीत शिकवते. तिचा आवाज नेहमी गुडघ्यावर बसल्यासारखा खाली येऊन बोलतो.

ऑक्टोबरात एकदा विबेकेच्याच घरी माझी बोलायची पाळी आली. आदल्या रात्री आग्नेतेनं मला बसू दिलं नव्हतं. ती जन्मल्यापासून रडत होती. डॉक्टर म्हणायचे, पोटात वारा धरतो, तीन महिन्यांत जाईल. तीन महिने गेले आणि वारा तिथेच राहिला. पण मी थकव्याचं नाही बोलले. मी म्हणाले, "मला ती अजून आवडत नाही. मी तिचं सगळं करते, नीट करते, पण ती मला आवडत नाही. ती हुबेहूब फ्लेमिंग आहे, त्याच्या आईचं कपाळ आहे, माझं तिच्यात काहीच नाही. बेकरीबाहेर गाडी ठेवून आत बसते ना, तेव्हा कधी कधी वाटतं, बाहेर जावं आणि गाडी तिथे नसावी." मग विबेके उठली, सतरंजीवरची मुलं ओलांडून आली आणि तिनं मला मिठी मारली. "किती धीट आहेस गं तू," ती माझ्या केसांत म्हणाली. "तू हे आमच्यापाशी बोललीस, याचं मला फार फार मोल वाटतं." तिच्या स्वेटरला वेलदोड्याचा वास येत होता. मला रडू आलं, आणि त्याहून विशेष म्हणजे भूक लागली. मी एकामागून एक बन खाल्ले. घरी येताना गाडी ढकलताना हलकं वाटत होतं. फ्लेमिंगला म्हणाले, या बायका बऱ्या आहेत.

असं बोलायला मला माझ्या आईनं शिकवलं. तिचंही नाव आग्नेते. लोलँड बेटावर आमचं घर रेल्वेरुळांच्या पलीकडे होतं, आणि रस्त्यावर फाटक नव्हतं, नुसती तिरप्या फळ्यांची पाटी. आई मला घेऊन रूळ ओलांडायची तेव्हा माझं मनगट इतकं आवळायची की पलीकडे गेल्यावर तिची बोटं त्यावर उमटलेली असत. एका दुपारी ती मोरीपाशी हेरिंग साफ करत होती, हात चांदीसारख्या खवल्यांनी भरलेले, आणि मी शेजारी ओट्यावर पाय हलवत बसले होते. मी विचारलं, मी झाले तेव्हा तुला काय वाटलं? तिनं माशाचं पोट फाडलं, आतलं सगळं अंगठ्यानं ओढून काढलं, आणि विचार करून म्हणाली, "काही नाही वाटलं. तू मार्चात झालीस. मला तू मुळीच आवडली नाहीस. सारखी किंचाळायचीस. जूनमध्ये आवडायला लागलीस." मी विचारलं, जूनमध्ये काय झालं? "काही नाही गं. तुला शिंक आली आणि तू स्वतःच दचकलीस. मला हसू आलं, त्याच्यानंतर सुटका नाही." मी दिवसभर हे मनात घोळवत हिंडले. शाळेतल्या इतर मुलींच्या आयांना त्या पहिल्या क्षणापासून आवडत होत्या, त्यात काय विशेष! माझ्या आईला मी आवडायला लागले होते, आणि कधी तेही तिला ठाऊक होतं. तिच्या प्रेमावर माझा जो विश्वास बसला तो त्या दिवशी बसला. म्हणून मी आपली समजत होते की खरं सांगणं ही एखाद्याला द्यायची वस्तू आहे, आणि घेणारा ती जपून ठेवतो.

मी शब्दकोशात काम करते. रजेवर जाण्यापूर्वी माझ्या टेबलावर शेवटी जो शब्द आला होता तो हाच: राखण नसलेलं, बिनपहाऱ्याचं. आमच्या भाषेत तो आधी फाटक नसलेल्या रेल्वे ओलांडणीसाठी वापरतात, मग सैन्याच्या ठाण्यासाठी, सामानासाठी, आणि मग माणसासाठी: बिनपहाऱ्याचा क्षण, बिनपहाऱ्याचा चेहरा, बिनपहाऱ्याचे उद्गार. लोकांनी तो कुठे कसा वापरला याची उदाहरणं आम्ही वर्तमानपत्रांतून, कादंबऱ्यांतून, कोर्टातल्या जबान्यांतून गोळा करतो. एक मंत्री बिनपहाऱ्याच्या क्षणी काही बोलला आणि त्याचं पद गेलं. एक विधवा बोलली आणि वारसा गेला. जमलेल्या ढिगात मला एकही असं उदाहरण सापडलं नाही की जिथे बोलणाऱ्याचं भलं झालं. माझ्या वरिष्ठांना मी हे दाखवलं, तर ते म्हणाले, "भलं झालं की लोक त्याला प्रामाणिकपणा म्हणतात. तो वेगळ्या खंडात." आम्ही हसलो. पोट इतकं पुढे आलेलं की मला खुर्ची टेबलाजवळ ओढता येत नव्हती, आणि मी हसत होते.

गाड्यांच्या अदलाबदलीनंतरची बैठक गिट्टेच्या घरी होती. जिन्यातच मला कळायला हवं होतं, कारण वर पोचले तर सगळ्या आधीच बसलेल्या, आणि एल्सेही आलेली. ती एरवी बैठकांना येत नसे. गिट्टे माझ्याकडे न बघता बन कापत होती. विबेकेनं मला शेजारी बसवून घेतलं, माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "मेरेते, मी तुझ्या पाठीमागे काही करणार नाही. आपण एकमेकींशी मोकळं बोलतो ना? म्हणून तुझ्यासमोरच सांगते. मी एल्सेशी बोलले."

"कशाबद्दल?"

"तू हसलीस." तिचे डोळे भरून आले होते, खोटे नव्हते. "तुझं बाळ गाडीत नव्हतं, आणि तू हसलीस. मी पाहिलं. तुझा चेहरा इतका... इतका सुखी मी कधी पाहिलाच नव्हता. आणि ऑक्टोबरात तू आम्हाला जे सांगितलंस, ते मला आठवलं. मला झोप लागली नाही गं."

"ते चार भिंतींच्या आत सांगितलं होतं."

"म्हणूनच तर," विबेके म्हणाली. "तू आमच्यावर विश्वास ठेवलास. त्या विश्वासाला जागायला नको का?"

मी गिट्टेकडे बघितलं. "तू रोज खिडकीतून फेकतेस ना?"

"अगं, मी गंमत करते," गिट्टे सुरीकडे बघत म्हणाली. "सगळ्यांना माहितेय मी गंमत करते."

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. सांगितलं की मी त्या मुलाला बघून हसले. तो मला आवडला. आणि तो आवडला म्हणून मला वाटलं की माझ्यात काही कमी नाही, मूल आवडायचं यंत्र माझ्यातही आहे, आज ना उद्या ते आपल्या मुलीसाठी सुरू होईल. खरंच असंच होतं. कित्येक महिने अंधारात भिंतीवर हात फिरवत असताना दिव्याचं बटण हाताला लागावं, तसं ते हसणं होतं. पण बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू यायला लागला, आणि तो ऐकून मला कळलं की हे आणखी वाईट आहे. परक्याचं मूल आवडतं म्हणते आणि स्वतःचं नाही. एल्सेनं मान हलवली, फार हळुवार. "तू हे सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पण मला आता हे वर कळवावंच लागेल. माझं कामच आहे ते." सतरंजीवर आग्नेते रडायला लागली तेव्हा मी उठायच्या आधी विबेके उठली.

नगरपालिकेची दोन माणसं घरी आली, एक बाई आणि एक पुरुष. दोघांनी दारात बूट काढले, मोज्यांवर आत आले, कॉफी हवी का विचारल्यावर आनंदानं हो म्हणाले. आमच्याकडे मुलं काढून नेणारी माणसंही अगं-तुगं करतात. "तुझं घर किती छान आहे," बाई म्हणाली. "घाबरू नकोस हं, ही शिक्षा नाही, मदत आहे." पुरुषानं मला विचारलं, त्या वेळी मी बेसावध होते का. मी म्हणाले, बेसावध नव्हे, बेसावध माणसाला काही दिसत नाही. मला सगळं दिसत होतं, फक्त स्वतःवर पहारा नव्हता. त्याची लेखणी थांबली. तो बाईकडे बघून म्हणाला, "शब्दांच्या मागे लपायची सवय आहे." माझ्यासमोरच म्हणाला, मोकळेपणानं. मग ते फ्लेमिंगकडे वळले.

फ्लेमिंग माझा नवरा. चांगला माणूस आहे, पुलांचे आराखडे करतो, खोटं बोलत नाही. मला वाटलं, आता तो हसेल आणि म्हणेल, अहो काय घेऊन बसलात, ती तशीच बोलते, तिची आईही तशीच होती. त्यानं हाताची बोटं एकमेकांत गुंतवली आणि बराच वेळ टेबलाकडे बघितलं. त्याच्या या बघण्यावर मी एके काळी भाळले होते. उत्तर देण्याआधी विचार करणारा पुरुष! "मी प्रामाणिकपणे सांगतो," तो म्हणाला. "ती रडत असते आणि मेरेते तिच्याकडे बघत असते, तेव्हा कधी कधी मला मेरेतेच्या चेहऱ्याची भीती वाटते." मी त्याच्याकडे बघितलं. मग मला आठवलं की मी चेहऱ्यानं बघतेय, म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागले. अंगणात सायकली भिजत उभ्या होत्या. बाई म्हणाली, सध्या वसंतापर्यंत पाहू. मेरेतेनं बाळाबरोबर एकटं राहायचं नाही, कुणीतरी घरचं जवळ असावं, आणि ते कसं चाललंय ते आम्हाला सांगावं. सुधारलं तर प्रश्नच मिटला. "आणि नाही सुधारलं तर?" मी विचारलं. "तर थोडे दिवस आग्नेतेला दुसऱ्या घरी ठेवता येतं. फार छान कुटुंबं आहेत आपल्याकडे," ती म्हणाली, आणि आणखी एक बिस्किट घेतलं. जाताना तिनंही मला मिठी मारली. त्या रात्रीपासून मला कळतंय की आग्नेते गेली तर मी मरेन. पण हे मी आता कुणाला सांगणार होते? आणि कसं ठरवणार होते की हे आवडणं आहे की नुसती भीती?

मग ईंगा आली. ईंगा माझी सासू, फ्लेमिंगची आई. जटलंडात दूध डेअरीत उभा जन्म काढलेली, थोडकं बोलणारी बाई. एक बॅग, एक लोकरीची पिशवी. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मी नाहीच असं समज. तू तुझं चालू दे." तेव्हापासून ती तिथे आहे. ती वाईट नाही. माझ्यावर ओरडत नाही, स्वयंपाकात खोड काढत नाही. काळ्या ब्रेडवर लिव्हर पाटे, म्हणजे कलेजीचं वाटण, लावून माझ्यापुढे ठेवते, खा म्हणते. पण तिच्या विणायच्या सुया चालू असतात तोवर घर ठीक असतं. आग्नेते रडली आणि मी तिच्यावर वाकले की सुया थांबतात. मी सरळ झाले की सुरू होतात. माझी पाठ त्या आवाजावर चालायला शिकली. बेकरीत गेले तर ईंगा बाहेर गाडीपाशी उभी राहते, छत्री घेऊन, आख्ख्या रांगेत राखण असलेलं एकच मूल. काउंटरवरची मुलगी आता माझ्याशी फार गोड बोलते. लाल टोपीवाली एकदा दिसली, तिनं आपली गाडी रस्त्याच्या पलीकडे नेऊन लावली. विबेके मात्र थांबते, कोपर धरते, विचारते, "बरं वाटतंय ना आता?" आणि मी म्हणते, "पुष्कळ बरं. तू बोललीस ते फार चांगलं झालं." ती सुखावते. मला तिच्या गालफडात मारावीशी वाटते, ती जागासुद्धा मी ठरवून ठेवली आहे, आणि मी हसते. ओठ किती ओढायचे ते आता मला पाठ आहे.

कारण मी आरशासमोर शिकले. न्हाणीघराचं दार लावलं की तेवढीच जागा माझी. नवीन आईचा चेहरा कसा असतो? भुवया किंचित वर, डोळे ओले पण फार नाही, तोंड थोडं उघडं. थकलेलं दिसायचं, कारण न थकलेली आई संशयास्पद. पण दमून सुन्न झालेली दिसायचं नाही. मी विबेकेचा चेहरा लावून पाहिला, एल्सेचा पाहिला. शेवटी एक जमला, तो मी दार उघडण्यापूर्वी चढवते. नगरपालिकेची बाई मध्ये एकदा येऊन गेली, म्हणाली, "काय सुंदर फरक पडलाय!" फ्लेमिंगनं त्या संध्याकाळी वाईन उघडली. मला म्हणाला, "बघ, खरं बोललं की सगळं सुरळीत होतं." मी तोच चेहरा त्यालाही दिला. त्याला फरक कळला नाही, याचं मला एके काळी वाईट वाटलं असतं. रात्री उशीत तोंड खुपसल्यावरसुद्धा तो निघत नाही, गाल दुखतात.

आणि परवा, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, मी आग्नेतेची लंगोटी बदलत होते. महिनाभरात तिचं रडणं कमी झालंय, आपोआप, डॉक्टर म्हणाले होते तसंच, फक्त उशिरा. त्याचं श्रेय ईंगाला मिळालं. खिडकीतून चक्क ऊन आलं होतं, टेबलावर, तिच्या पोटावर. मी पावडरचा डबा उघडला, पावडर नाकात गेली आणि मला शिंक आली. मोठी, गावठी, लोलँडची शिंक. आग्नेते दचकली. दोन्ही हात हवेत उडाले, डोळे वाटोळे झाले, खालचा ओठ पुढे आला, आणि आता रडणार म्हणून मी श्वास धरला, तर ती हसली. आवाज करून हसली. जन्मल्यापासून पहिल्यांदा. पोटातून आलेला, फुटका, आश्चर्याचा आवाज, आणि त्याला तिची तीच भ्याली आणि पुन्हा हसली. कपाळावरची आठी कुठल्या कुठे गेली. माझ्या छातीत काहीतरी इतक्या जोरात उघडलं की मला टेबलाची कड धरावी लागली. आई गं, हे ते! जून महिना! मला हाक मारून सांगावंसं वाटलं, पण माझी आई कबरीत, आणि खोलीत सुया थांबल्या होत्या.

त्या थांबल्या आणि माझ्या पाठीला ते कळलं. ईंगा बघत होती. मला माझा चेहरा जाणवला, तो सुटायला लागला होता. कुठे जाईल, काय दिसेल, मला काही सांगता येत नव्हतं. आनंद झाल्यावर माझा चेहरा लोकांना कसा दिसतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. मागच्या वेळी तो उघडला तेव्हा माझी मुलगी माझ्या हातून जायला निघाली होती. मी भुवया किंचित वर घेतल्या. डोळे ओले, पण फार नाही. तोंड थोडं उघडं. "हो का?" मी म्हणाले, विबेकेच्या आवाजात. "हसलं का माझं बाळ? शहाणं गं ते." आग्नेते माझ्याकडे बघत होती. ती आणखी एकदा हसली, थोडं हळू, आणि थांबून वाट बघायला लागली. तिची नजर माझ्या तोंडावरून डोळ्यांवर गेली, डोळ्यांवरून पुन्हा तोंडावर; काहीतरी ठेवलेलं सापडत नाही अशी. मी चेहरा हलू दिला नाही. आतून मी तिला हाका मारत होते, ओरडत होते, आणि माझे ओठ जेवढे ओढायचे तेवढेच ओढलेले होते. तिचं हसू आधी डोळ्यांतून गेलं. मग तोंड हळूहळू मिटलं, सरळ झालं.

"हसली ना?" ईंगा म्हणाली. "ऐकलं मी. सांगते त्यांना, सगळं व्यवस्थित चाललंय." सुया सुरू झाल्या.

आग्नेते मान वळवून छतावरच्या दिव्याकडे बघत राहिली. आठी नाही, रडणं नाही, काहीच नाही. नीट, शांत, लावून घेतलेला चेहरा. फ्लेमिंगचं त्यात काही नव्हतं. पहिल्यांदाच ती हुबेहूब माझ्यासारखी दिसत होती.